वायूचा द्रव कसा होतो?

शाळेतून आल्यापासून हे घरात कोणाला सांगवत नाही, म्हणून इथे लिहितेय.

आज सातवीला पदार्थाच्या अवस्था शिकवत होते. विचारलं, "वायूचा द्रव होतो, त्याचं उदाहरण कोण देईल?"

कधीच न बोलणाऱ्या एका मुलीने हात वर केला. (तिचं नाव लिहीत नाही. तेवढं तरी शहाणपण आता.)

"मॅडम, सडवलेली मोहफुलं उकळवते ना, तवा वाफ वरच्या थंड पाण्याच्या भांड्याले लागते अन् थेंब थेंब खाली पडते."

अगदी बरोबर उत्तर! आणि मी हसत हसत काय बोलले? "काऊन गं, तुझ्या घरी काढतात का दारू?"

अख्खा वर्ग खिदळला. "पोलिसाले सांगा मॅडम," मागून कोणीतरी ओरडलं.

गडचिरोलीत दारूबंदी आहे. तिची आई कशावर घर चालवते, हे मला ठाऊक होतं. तरी बोलले.

तास संपताना सावरायला म्हणून पुन्हा तिलाच विचारलं, "सांग बेटा, वाफेचं पाणी कसं होते?"

ती खाली बघत म्हणाली, "मले नाई येत, मॅडम."

उद्या वर्गासमोर माफी मागितली, तर पोरं पुन्हा तिलाच हसतील. नाही मागितली, तर ती हात कधी वर करेल?