डाग राहिलेली पाटी

आमच्या शाईवाल्या काकूंच्या बोटावर कायम एक निळा डाग असे. दोन घरं सोडून राहणाऱ्या त्या, पण गल्लीत सगळ्यांच्याच काकू.

नांदूरघाटला बायकांची सोसायटी होती. तिथं दारावर लावायच्या अॅल्युमिनियमच्या रंगीत पाट्या बनत. पत्र्यावर तेजाबात वीज सोडून एक थर चढवायचा, त्यात रंग मुरवायचा आणि शेवटी स्वच्छ पाण्यात उकळून थराची बारीक छिद्रं बंद करायची. ती बंद झाली का, हे काकू घरी ओट्यावर बघत. पाटीवर शाईचा थेंब, चहा होईपर्यंत थांबायचं, मग ओल्या फडक्यानं पुसायचं. डाग राहिला तर म्हणत, "हिचं तोंड मिटलं न्हाई अजून. परत उकळा."

काका चिडवत, "माज्यावर टाकून बघ एकदा."

"कशाला शाई वाया घालू? तुमचं मिटलंय कवा?"

दहावीनंतर वडील मला तिथंच कामाला लावणार होते. काकू त्यांना म्हणाल्या, "पाट्या घासायला आमी हाव की. पोरीला कशाला आणता? केजला धाडा शिकायला." म्हणून मी शिकले.

मी बी.ए. झाले त्या साली पाऊस सलग दुसऱ्यांदा गेला. सोसायटीची विहीर आटली, उरलं बोअरचं खारं पाणी. मोठी ऑर्डर हातात होती. ती पुरी झाली असती तर बायकांना त्या वर्षी ऊसतोडीला जावं लागलं नसतं. पण त्यात उकळलेल्या प्रत्येक पाटीवर डाग राहू लागला. परत उकळल्या, तरी तेच.

"पाठवून द्या, काकू," सेक्रेटरी म्हणाले. "गिऱ्हाईक काय शाई टाकून बघतंय?"

"म्या बघितलं ना."

बायका म्हणाल्या, टँकरचं प्यायचं पाणी घरटी एकेक घागर आणतो. काकूंनी रिकाम्या टाकीवर झाकण ठेवलं. "लेकरांच्या तोंडचं पाणी पाट्यांना पाजू का?"

ऑर्डर हातची गेली. दसऱ्यानंतर बायका ऊसतोडीच्या टोळीबरोबर निघाल्या, त्यात काकूही होत्या. ट्रकमध्ये चढण्याआधी त्यांनी पदराआडून एक पाटी काढून दिली. माझं नाव, पुढं बी.ए., आणि कोपऱ्यात निळा डाग.

"त्याच मालातली हाय. विकली नसती. तू घरची, म्हणून देते. पाणी आलं की दुसरी करू."

सोसायटी पुन्हा उघडली नाही. काकूही आता नाहीत. पाटीचा रंग उन्हानं उतरलाय. नवी का लावत नाही, असं येणारे विचारतात.

मी सांगते, ही तपासलेली आहे.