तबूकच्या गोठलेल्या काचांआड

सुजाता कायमची चिपळूणला परत जायचं म्हणत होती. इथे बहरीनमध्ये मी दिवसभर सीफच्या ऑफिसात आणि ती माहूजच्या फ्लॅटमध्ये भिंतींशी बोलत. तिचं तरी काय चुकलं? मला "नको जाऊस" म्हणायचं होतं, पण जीभच रेटेना. त्याऐवजी म्हणालो, "चल, बर्फ बघून येऊ." धन्य तो नवरा!

बहरीनहून बर्फ बघायचा तर हिवाळ्यात सौदीतलं तबूक गाठा. व्हिसा आधीच ऑनलाइन काढा, सौदीला जोडणारा समुद्रावरचा पूल ओलांडताना गाडीचा इन्शुरन्स घ्या. रस्ता झकास आहे, फक्त संपत नाही. आम्ही वाटेत हाइल शहरात मुक्काम केला. सकाळी भट्टीतून निघालेली परातीएवढी तमीस रोटी आणि वालासारख्या दाण्यांची उसळ खाल्ली. एक रोटी दोघांना पुरून उरते. पुढे दिवसभर तांबूस वाळू, मधूनच उंट, आणि अर्धवट झोपेत गुणगुणणारी सुजाता. हा रस्ता असाच चालू राहावा असं वाटत होतं.

तबूकला पोचलो तेव्हा गाडी धुळीने माखलेली. बहरीनची सवय! संध्याकाळी हॉटेलच्या नळाला पाइप लावून चकाचक धुतली. आमच्याकडे पाणी बघता बघता वाळतं. इथे सकाळी गाडीवर पांढरी साय, काचा रबरात घट्ट गोठलेल्या. दार कसंबसं ओढून आत बसलो आणि काचेचं बटण दाबलं, तर मोटर नुसती कण्हली.

"भैया, बटन मत दबाओ!" हॉटेलचा मल्याळी मॅनेजर धावत आला. "मोटर खलास हो जाएगा. गरम पानी भी नहीं, शीशा फटेगा. हीटर लगाओ, बैठो."

बसलो. बाहेर ऊन चढत असावं. आत नुसता दुधी, गुलाबी उजेड. चारी काचांवर बर्फाची नक्षी. रस्ता नाही, हॉटेल नाही, जगच नाही. हीटरची घरघर आणि आम्ही दोघं.

"अहो, किती छान आहे हे," ती कुजबुजली.

"सुजाता, नको जाऊस."

निघालं एकदाचं तोंडातून. ती काचेकडेच बघत राहिली. "इतके महिने काय मिठाची गुळणी धरून बसला होतात? मला वाटलं, तुम्हाला सुटल्यासारखं होईल."

"वेडी आहेस का? करमायचं नाही मला."

थोड्या वेळाने टक्‌कन तिच्या बाजूची काच सुटली, तिने ती खाली केली आणि गार वारा आत आला.

मग डोंगरावर गेलो, जबल अल लौझला. खडकांच्या सावलीत बर्फ होता. तिने मूठभर उचलून माझ्या कॉलरमध्ये टाकला. राहणार का, ते मी विचारलं नाही. धीरच झाला नाही.

तुम्ही जाणार असाल तर एवढं करा: संध्याकाळी गाडी धुऊ नका, आणि काचांभोवतीचं रबर कोरडं पुसून त्यावर सिलिकॉन स्प्रे मारा. बर्फाचे फोटो आमचे धड आले नाहीत. मला मात्र अजून डोळे मिटले की गाडीतला तो दुधी उजेड दिसतो.

माहूजला पोचलो. बॅगा दारातच होत्या, आणि सुजाताने चिपळूणला भावाला फोन लावला. "दादा, माझ्यासाठी वरची खोली रंगवू नकोस... नाही रे, भांडण कसलं? ह्यांनी राहा म्हटलं."

तिकडून दादा काहीतरी बोलला.

"हो ना," ती हसत डोळे पुसत म्हणाली, "मलाही खरं वाटलं नाही."