जुन्या गाडीचं पाणी

काटेकाकांना काटेकाका म्हणतात ते आडनावावरून नव्हे. एकतीस वर्षं पाणीपुरवठ्याच्या पंपघरात बसून या माणसानं एकच काम केलं. दाबाच्या काट्याकडे बघत राहायचं आणि काटा लाल रेघेला टेकला की पंप बंद करायचा, मग साहेब फोनवर कितीही ओरडो. लग्न केलं नाही ते बरंच झालं, असं शेजारीपाजारी म्हणत. बायको रागानं लाल झाली असती तर यानं तिलाही बंद करून टाकलं असतं.

घरात ते आणि त्यांची थोरली बहीण. आई गेली तेव्हा काका सहा वर्षांचे, ताई चौदाची. शाळा सोडून तिनंच त्यांना लहानाचं मोठं केलं. दोन वर्षांपूर्वी त्या ताईची दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली. तेव्हापासून सोमवार, बुधवार, शुक्रवार घाटापलीकडच्या दवाखान्यात डायलिसिस. एक खेप चुकली तर पाय सुजतील, दोन चुकल्या तर पाणी छातीत भरेल आणि मग माझ्या हातात काही राहणार नाही, असं डॉक्टरांनी काकांना बाजूला घेऊन सांगितलं होतं. बसमध्ये ताईला ओकाऱ्या होत. म्हणून मग काकांची आधीपासूनची, अठ्ठावीस वर्षं जुनी डिझेल व्हॅन.

व्हॅन विकणाऱ्या म्हाताऱ्या मिस्त्रीनं तेव्हाच बजावलं होतं. हिचा रेडिएटर तांब्या-पितळेचा आहे, सांधे कथील-शिशाचे. इंजिन थंड ठेवायला हिला जुन्या पद्धतीचंच कूलंट लागतं, हिरवं. नवीन ॲल्युमिनियमच्या गाड्यांचं हिला सोसत नाही आणि दोन जातींची भेसळ तर मुळीच करायची नाही. काहीच मिळालं नाही तर नुसतं डिस्टिल्ड वॉटर घाल, पण भलतंसलतं घालू नकोस. काकांनी ते गाठीशी बांधलं आणि मिस्त्रीनं दिलेला मोठा डबा सात वर्षं पुरवून पुरवून वापरला. मिस्त्री वारला. पुढं डबाही संपला.

मग सुरू झाली पायपीट. पहिल्या दुकानात नारिंगी, दुसऱ्यात गुलाबी, तिसऱ्यात निळं. सगळे एकच पाठ म्हणायचे, काका, हे सगळ्या गाड्यांना चालतं. काका म्हणायचे, सगळ्यांना चालणारं मला नको, माझ्या गाडीला चालणारं द्या. दुकानदारांनी हात टेकले. सहाव्या दुकानात मात्र काचेच्या कपाटात हिरवागार डबा दिसला आणि काकांचा जीव भांड्यात पडला. डब्यामागची बारीक अक्षरं वाचायला चष्मा हवा होता, तो घरी. पण रंग तर तोच ना! अहो, एकतीस वर्षं जो माणूस काट्याशिवाय कशावर विसंबला नाही, तो एका रंगावर विसंबला. याला काय म्हणावं? घरी येऊन त्यांनी चष्मा न लावताच दोन लिटर गाडीत उरलेल्या जुन्या कूलंटमध्ये ओतलं.

तीन आठवडे सगळं ठीक होतं. मंगळवारी झाकण उघडलं तर आत खळीसारखा तपकिरी चिकटा. काकांनी बोट बुडवून बघितलं आणि झाकण लावून टाकलं.

गाडी गॅरेजात गेली आणि बुधवारची खेप बुडाली. गॅरेजवाल्या बाई कामाला वाघ, बोलायला फटकळ. त्यांनी डब्यामागचं वाचून दाखवलं. जात नवीन, फक्त रंग हिरवा. रंग काय, कारखानेवाले वाटेल तो घालतात, असं म्हणून त्यांनी चार ठिकाणी फोन फिरवले आणि तांब्या-पितळेच्या रेडिएटरसाठी असं स्पष्ट छापलेलं कूलंट शोधून काढलं. ते शनिवारी येणार होतं. तीनदा पाणी फिरवूनही नळ्या मोकळ्या झाल्या नव्हत्या, त्यामुळे रेडिएटरही शनिवारीच उघडायचा ठरला. तोवर त्यांनी साधं डिस्टिल्ड वॉटर भरलं. चावी देताना त्या म्हणाल्या, "काका, गावात फिरवा. घाट चढू नका. पाणी उकळून उडून जाईल आणि इंजिन जागच्या जागी जाम होईल."

शुक्रवारी पहाटे ताई पलंगाच्या कडेवर बसलेली होती. दुसरी खेप चुकायच्या आधीच, आडवं झालं की जीव गुदमरत होता. पायांवर बोट दाबलं तर खळगा तसाच राहत होता. ॲम्ब्युलन्सवाले म्हणाले, दुपारनंतर बघू. टॅक्सीवाला फोन उचलेना, आणि बसमध्ये बसण्यासारखी तिची अवस्था नव्हती. काकांनी दोनदा अंगणात जाऊन गाडीकडे बघितलं, दोनदा आत येऊन ताईकडे. मग तिला उचलून गाडीत बसवलं.

सकाळच्या गारव्यात पहिली सहा वळणं पार पडली. सातव्याला इंजिनाच्या तापमानाचा काटा हलला. काकांनी हीटर पूर्ण सोडला, म्हणजे इंजिनाची थोडी धग तरी आत खेचली जाईल. गाडीची भट्टी झाली. दिवसाला मोजून अर्धा लिटर पाण्याची परवानगी असलेली ताई कोरड्या ओठांवरून जीभ फिरवत मागं बसून राहिली. तिचीही नजर भावाच्या खांद्यावरून काट्यावरच होती.

नवव्या वळणाला काटा लाल रेघेला टेकला. काकांचा पाय आपोआप ब्रेककडे गेला. गाडी निवायला तासभर तरी लागला असता. फोनला रेंज नव्हती आणि रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. मागून ताईचा श्वास ऐकू येत होता, आत जाताना घरघरणारा. काकांनी पाय मागं घेतला. त्यांना भीती वाटत होती, अगदी सहा वर्षांचे असताना वाटली होती तेवढी.

अकराव्या वळणावर बॉनेटखाली फट् असा आवाज झाला आणि काचेवर वाफेचा लोट आला. काकांनी वायपर फिरवला. वाफ हळूहळू विरली. आणि काटा खाली यायला लागला. लाल रेघ सुटली, मधोमध आला, त्याच्याही खाली गेला.

"उतरला बघ," ताई अडखळत म्हणाली. "उगाच घाबरत होतास."

पाणी आहे तोवरच काट्याला त्याची धग कळते. पाणीच उरलं नाही तर काटा सांगणार काय? हे काकांइतकं कुणाला ठाऊक असणार. पंपघरात त्यांनी नव्या माणसांना हेच पहिल्या दिवशी शिकवलं होतं.

"हो ताई," ते म्हणाले. "उतरला. तू डोळे मीट जरा."

तिनं खरंच डोळे मिटले. माथा अजून चार वळणं वर होता. काकांनी गियर टाकला आणि गाडी पुढं काढली.