मामीला मेलबर्नला जायचं होतं

मामीच्या तिकिटाची प्रिंट निघत होती, तेवढ्यात शेजारच्या काकूंचा फोन आला. कोपरगावच्या स्टँडसमोर झेरॉक्सच्या दुकानात उभा होतो. "बापू, लवकर या. मामी उठंना," एवढंच त्या म्हणाल्या. अशा वेळी माणूस मटकन खाली बसतो, भिंतीला टेकतो, असं मी ऐकून होतो. मी दुकानदाराला म्हणालो, "दोन प्रती काढ." जन्मभर साखर कारखान्याच्या ऑफिसात पत्रव्यवहार सांभाळलेल्या माणसाचं डोकं संकटात दुसरं काय करणार? घरी पोचलो तर डॉक्टर येऊन गेले होते. दुपारी जेवून आडवी झाली, ती उठलीच नाही. मामी समोर निजलेली, आणि माझ्या हातात तिच्या नावाचं मेलबर्नचं तिकीट, दोन प्रतींत... ते कुठं ठेवावं कळेना, म्हणून घडी घालून खिशात घातलं.

त्याला आता दीड महिना झाला. मामीबद्दल लिहा, असं पेपरच्या पुरवणीवाल्यांनी सांगितलं, ते मला लिहिता येतं या गैरसमजातून. हा गैरसमज मुळात मामीचाच. मामा गेल्यावर तिच्या घरातला सगळा कागद माझ्याकडे आला, आणि मी कारखान्यात इंग्रजी पत्रं लिहितो म्हणजे माझं इंग्रजी फार जोरदार, असं तिनं ठरवून टाकलं. मीही तो समज कधी दूर केला नाही. तिला एकच मुलगी, मनीषा. ती दिली तिसगावच्या सचिनला, आणि दोघं गेली ऑस्ट्रेलियात, तिथलीच झाली. मनीषाला पहिल्यांदा दिवस गेले ते पाचव्या महिन्यात वाया गेले. परक्या गावात, जवळ बाईमाणूस कुणी नाही. मामीला कळलं ते सगळं उरकल्यावर. तेव्हा तिनं मुलीला फोनवर शब्द दिला, "पुढच्या खेपेला मी तिथं असंन." आपल्याकडे पहिलं बाळंतपण आईचं असतं, हे मी कुणाला सांगायला पाहिजे असं नाही. पण मामीच्या दृष्टीनं ती रीत उरली नव्हती. राहून गेलेलं काम होतं.

पुढची खेप आली ती नेमकी करोनात. ऑस्ट्रेलियानं दारं लावून घेतली होती. तिथल्या नागरिकाचा नवरा, बायको, लहान लेकरं एवढ्यांनाच आत घेत होते, बाकीच्यांनी सवलतीसाठी अर्ज करायचा. "कर मंग," मामी म्हणाली, "तुजं इंग्रजी काय पूजेला ठिवलंय का?" मी बाह्या सावरून बसलो. कारण द्या, अशी एक जागा होती. तिथं मी आपल्या संस्कृतीतलं माहेर, आईचा हात, शेकशेगडी, तेलपाणी, सगळं ओतलं. लिहिता लिहिता माझेच डोळे भरून आले. त्या जागेत ठरावीक अक्षरंच मावतात आणि पुढचं आपोआप कापलं जातं, हे मला अर्ज गेल्यावर समजलं. त्यामुळे ऑस्ट्रेलिया सरकारला जो मजकूर मिळाला तो भारतीय स्त्रीच्या इतिहासापासून सुरू होऊन 'आणि म्हणून माझी मामी' इथं थांबला. त्या मामीला नेमकं काय पाहिजे, ते आलंच नाही.

नकार आला, अगदी सभ्य भाषेत. मी तो मराठीत करून वाचून दाखवला. मोठ्या झालेल्या मुलीची आई त्यांच्या नियमात जवळच्या कुटुंबात बसत नव्हती. मामी भाजी निवडत होती. तिनं मेथीची जुडी खाली ठेवली.

"मंग मी कोन?"

"तसं नाही मामी, नियमाच्या भाषेत..."

"मला भाषा नको सांगू. मी तिची कोन, ते त्यांना इचार."

विचारलं असतं, पण तशी जागा अर्जात नव्हती. मग मी आपल्याकडचा खात्रीचा मार्ग धरला. कुठलंही सरकारी काम अडलं की आपण काय जोडतो? आमदारांचं शिफारसपत्र. तालुक्यात ओळखी होत्या, पत्र मिळालं. लेटरहेडवर, सहीशिक्क्यानिशी, 'सदर महिला माझ्या चांगल्या परिचयाच्या असून त्यांचे काम प्राधान्याने करावे.' त्याला नगरपालिकेचा रहिवासी दाखला जोडला, मामीच्या भजनी मंडळाच्या अध्यक्षांचं पत्र जोडलं. चारित्र्य चांगलं असल्याचंही घेतलं, उगाच शंका नको. कॅनबेराच्या कुठल्या तरी टेबलावर कोणी गोऱ्या बाईनं तो कोपरगावचा गोल शिक्का बघितला असेल, तेव्हा तिला काय वाटलं असेल, याची मला अजून लाज वाटते. मामीला वाटत नव्हती. "पुरनपोळीचा डबा पन धाडला असता," म्हणाली, "पन ते घेत न्हाईत म्हनं खायचं."

दुसरा नकारही तितकाच सभ्य होता. पण त्यात एक फट दिसली. रुग्णाची काळजी घ्यायला दुसरं कुणीच नाही, असं दाखवता आलं तर विचार होऊ शकत होता. तिथल्या डॉक्टरांनी मनीषाला झोपून राहायला सांगितलं होतं, तसं पत्रही दिलं. सचिनची नोकरी दवाखान्यात, सुटीचं नावच नको. मामी म्हणाली, "लिही, माज्यावाचून तिला कोनी न्हाई." मी लिहिलं. या वेळी थोडक्यात, अक्षरं मोजून. मला वाटलं, आता काम होणार. आठवड्याभरात मनीषाला विचारणा आली. तुमच्या काळजीसाठी एकमेव व्यक्ती म्हणून दोन वेगवेगळ्या बायकांचे अर्ज आले आहेत, तरी खुलासा करावा!

दुसरा अर्ज तिसगावचा होता. सचिनची आई, कमलबाई. आमच्या विहीणबाई. त्यांनीही पाथर्डीच्या सेवा केंद्रातून अर्ज भरला होता आणि त्यातही सुनेला माझ्यावाचून कुणी नाही असंच म्हटलं होतं. एकमेकींना विचारायची सोयच नव्हती, कारण लग्नापासून दोघींचं बोलणं बंद. लग्नात आहेराच्या साड्या वाटायचं काम माझ्याकडे होतं, यावरून काय घडलं असेल ते ओळखा. विहिणीची पैठणी गेली सचिनच्या चुलत आत्याकडे, आणि विहीणबाईंच्या हातात पडलं ते मोलकरणीसाठी आणलेलं पातळ. त्या तेव्हा काही बोलल्या नाहीत. पुढंही काही बोलल्या नाहीत, हीच तर अडचण होती.

मामीनं माझ्याकडून फोन लावून घेतला आणि स्पीकरवर टाकायला लावला, साक्षीदार असावा म्हणून.

"विहीणबाई, माजी लेक हाय ती."

"व्हय. अन् माजी सून न्हाई का?"

"पहिलं बाळंतपन आईचं असतंय."

"आईला जमत आसंल तर आईचं. तुमाला शुगर हाय, गुडगे न्हाईत. ध्यान कोन ठिवील?"

"माजे गुडगे तिसगावपोतर दिसत्यात व्हय?"

मी फोन कट झाला का बघत होतो. पलीकडून आवाज आला तो खाली उतरलेला. "मागल्या टायमाला पोरगी एकटी व्हती. सच्या फोनवर लई रडला वो. म्हून म्या अर्ज केला. कोनीबी जा. पर कोनीतरी जा."

मामीनं पदर तोंडाला लावला. मी खिडकीकडं बघत राहिलो. त्याच संध्याकाळी विहीणबाईंनी अर्ज मागे घेतला, आणि मला जमत नाही, माझ्याऐवजी मुलीच्या आईला सोडावं, असं पत्र अंगठ्याएवढ्या अक्षरांत सही करून पाठवलं. मानपानावर एवढं जपणाऱ्या बाईनं 'मला जमत नाही' लिहून देणं म्हणजे काय, ते आमच्या भागातल्या माणसालाच कळेल. खुलासा गेला. पण तोवर आपल्याकडं दुसरी लाट आली होती. इकडून तिकडं जाणारी विमानंच बंद झाली, आणि अर्जाला उत्तर आलं तेव्हा मनीषाला कळा सुरू झाल्या होत्या. उत्तर नकाराचंच होतं.

बाळ आणि बाळंतीण सुखरूप राहिली, एवढं देवानं केलं. मामी मसाल्याच्या डब्याला फोन टेकवून बसायची. एका चौकटीत मनीषा, एका चौकटीत तिसगाव, मधे आमची मामी. बाळाला पायांवर कसं घ्यायचं, पाणी कसं ओतायचं, टाळू कशी भरायची, दोघी मिळून सांगायच्या. एक चुकली की दुसरी टोकायची. बाहेरच्याला वाटावं, काय मजेत चाललंय. एकदा मनीषा पाठ दुखते म्हणून रडायला लागली, तेव्हा मामीचा हात आपोआप पुढं गेला आणि फोनच्या काचेला लागला. फोन पालथा पडला. तिनं तो उचलला नाही. "पोचत न्हाई रे बापू," एवढंच म्हणाली.

पुढं नियम बदलला, आईबापांना जवळचं मानायला लागले. मी नाचतच सांगायला गेलो. नातू तोवर रांगत होता. "माजं काम होऊन गेलं," मामी म्हणाली. "आता आजीचं काम. ते कुनीबी करावं. विहीणबाईंचा अर्ज भर आधी." तिच्या आवाजात राग नव्हता, थकवा होता. अर्ज करून करून थकलो होतो मी, आणि वाट बघून बघून ती. विहीणबाई जाऊन आल्या. पोरं दरसाल इकडं यायला लागली, मग मामीचं जाणं मागेच पडलं. यंदा मनीषाला पुन्हा दिवस राहिले, तेव्हा मामीनंच विषय काढला. सवलत नको, खुलासा नको, आमदार नको. साधा व्हिसा, तोही पटकन आला. इतकं सोपं काम माझ्या हातून कधी झालं नव्हतं, आणि त्याचीच मला धास्ती वाटत होती.

आईला शेवटचं बघायला मनीषाला येता आलं नाही. सातवा महिना, आधीचा अनुभव, डॉक्टरांनी विमानात बसायला साफ मनाई केली. या वेळी कुठलीच सीमा बंद नव्हती. मामीची चिता पेटली ती तिनं फोनवर बघितली. फोन मी धरला होता. मधे धूर येत होता, म्हणून तिला नीट दिसलंही नसेल.

विहीणबाई दहाव्याला आल्या त्या परत गेल्या नाहीत. त्यांचा मागचा लांब मुदतीचा व्हिसा अजून चालू होता. मामीची बॅग कॉटवर उघडी होती, तीच बॅग घेऊन त्या मनीषाकडे जाणार म्हणाल्या. मी वजनकाटा आणला. वजन जास्त भरलं. मामीच्या साड्या काढू का विचारलं, तर म्हणाल्या, "माज्या काढा. त्यांचं काय काढायचं न्हाई. पोरीला वास येईल आईचा." तळाशी मामीनं तिच्या मऊ पडलेल्या सुती पातळांची दुपटी शिवून ठेवली होती. वरच्यात सुई तशीच टोचलेली, एक कड बाकी. विहीणबाई खिडकीतल्या मामीच्या जागेवर पाय लांबवून बसल्या आणि तिथूनच पुढं टाके घालू लागल्या. त्यांचे टाके मोठे, मामीचे बारीक. लांबून सुद्धा फरक कळत होता.

"उसवून सारखं करायचं का?" मी विचारलं. माझा स्वभावच कारकुनी.

"राहू द्या. कळू द्या पोरीला, दोगींनी शिवलंय."

दोरा संपला. त्यांनी सुई माझ्यापुढं केली. "ओवा. मला न्हाई दिसत. त्यांना तुमीच ओवून देत व्हता म्हनं."

देत होतो. मामी अर्जाचा मजकूर सांगायची आणि मधेच सुई पुढं करायची, आणि मला पहिल्या झटक्यात कधी जमायचं नाही, त्यावरून ती बोलायची. मी चष्मा पुसला, दोऱ्याचं टोक ओलं करून खिडकीच्या उजेडात धरलं. नाही गेलं. पुन्हा धरलं. विहीणबाई हात पुढं करून नुसत्या बसून राहिल्या...