शेवंताकाकींची हिरडी

दाताच्या डॉक्टरकडे किस्से का साठतात, सांगू? माझा हात तोंडात असेपर्यंत पेशंटला बोलता येत नाही. हात काढला की तुंबलेलं सगळं बाहेर! ऐंशीच्या दशकात रत्नागिरीत दवाखाना टाकला, तेव्हा माझा निम्मा वेळ एकाच विषयावर जायचा: हिरडी.

पातळ हिरडी लवकर सरकते, दाताचं मूळ उघडं पडतं. जाड हिरडी सुजते, पण सहसा जागा सोडत नाही. होडी हाकणाऱ्या एका तांडेलाला मी सहज म्हटलं, "हिरडी छान जाड आहे हो तुमची."

दुसऱ्या दिवशी त्याची बायको दारात! "काय सांगितलंव ह्यांना? कालपासून घरात कुनाचं ऐकत नायत!"

*

दुबईहून आलेल्या लतीफभाईंना लग्नाआधी पुढच्या दाताला कॅप हवी होती. मी म्हटलं, "हिरडी पातळ आहे. धातूची कड काळी दिसेल."

"दिसू दे. मिशी वाढवतो!"

खरंच वाढवली, पार दात झाकेपर्यंत. लग्नानंतर तपासायला आले, तेव्हा दात दिसावा म्हणून मिशी वर धरायला नवी नवरी उभी होती.

*

हातखंब्याजवळच्या शेवंताकाकींचं मात्र हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. खालच्या दाताची हिरडी मुळातच पातळ, त्यात रोज बोटाने खसाखसा तंबाखूची मिशरी. मूळ अर्धं उघडं. "काकी, असंच चाललं तर दात जाईल."

"माज्या आयशीचं सगळं दात चाळिशीत गेलं. माजं जायाचं नाय!"

उपाय होता. तोंडातल्या टाळूची पातळ पट्टी काढून तिथे शिवायची, हिरडी जाड करायची. कॉलेजात पाहिलं होतं, एकट्याने कधी केलं नव्हतं. तसं सांगून टाकलं.

"मग करा आजच. माजीबी पयलीच येळ हाय!"

*

टाके घातले आणि बजावलं, "बोट लावायचं नाही. मिशरी कायमची बंद." काकींचा चेहरा पडला. सकाळी धड जाग यायच्या आधीच त्यांचं बोट तोंडात जायचं. आठवडाभर मला धाकधूक.

आल्या, तर तर्जनीला फडक्याची ही जाडजूड पट्टी! "कापलं की काय?"

"छ्या! बांधून ठेवलंय द्वाडाला."

शिवलेली हिरडी रुजली होती. गुलाबी, जिवंत! मी खुर्चीभोवती नाचायचाच काय तो बाकी राहिलो.

*

काकी त्या बांधलेल्या बोटाने तो दात वाडीभर दाखवत हिंडल्या. पुढच्या बाजाराच्या दिवशी बघतो, तर त्यांच्या वाडीतल्या बायका माझ्या बाकावर ओळीने बसलेल्या.

"काय होतंय?"

"काय नाय. काकीसारकी हिरडी जाड करायची हाय."

"बरं, तोंड उघडा."

तोंड कोणीच उघडलं नाही. सगळ्यांनी तर्जनी पुढे केली. प्रत्येकीची फडक्याने बांधलेली!

"घट्ट बसलंय ना, तेवडं बगा."