येन चष्मेवाला पाण्यात उतरतो

थायनान शहरातल्या जुन्या बाजारामागच्या गल्लीत येन मिंग-ताओचं चष्म्याचं दुकान आहे. दुकान बेताचंच, पण काच घासण्यात येनचा हात धरणारा त्या भागात दुसरा नाही, असं येन स्वतः सांगतो आणि ते खरंही आहे. गिऱ्हाईक साध्या चष्म्याला आलं तरी त्याला काचेवरची चमक मारणारं अँटीग्लेअरचं कोटिंग लावल्याशिवाय हा सोडत नाही. स्वतःच्या नाकावर मात्र जाड, बिनकोटिंगच्या काचांचा जुनापुराणा चष्मा. समोरचा दिवा त्यात असा लखलखतो की बोलणाऱ्याने कुठे बघावं कळत नाही. बायकोने टोकलं की म्हणायचा, "मला काय नाटकात काम करायचंय?"

खरं तर दर शनिवारी तो नाटकच करत असे. दुकानाचं शटर अर्धं खाली ओढून मागच्या खोलीत खेळ मांडला जाई. या खेळात एक सूत्रधार गोष्ट सांगतो आणि बाकीचे त्या गोष्टीतली माणसं होतात. कुणी कड्यावरून उडी मारली तर तो जगला की मेला हे वीस बाजूंचा फासा ठरवतो: मोठा आकडा पडला तर जगला, लहान पडला तर गेला. सूत्रधार आपला फासा पुठ्ठ्याच्या आडोशामागे टाकतो, त्यामुळे आकडा त्याच्या एकट्याच्याच नजरेला पडतो. अकरा वर्षं ही सूत्रधारकी येनकडे होती.

खेळणारी मंडळी तीन. गल्लीच्या तोंडाशी फळं घातलेल्या बर्फाचं दुकान चालवणारी फेंग-ई. गोष्टीत ती झिंगलेला भिक्षू व्हायची आणि शिव्या मात्र स्वतःच्याच द्यायची. दुसरा आ-खुन, गॅसची सिलिंडरं पोहोचवणारा. दोन सिलिंडरं दोन खांद्यांवर घेऊन चार जिने चढणारा हा गडी खेळात एक नाजूक राजकन्या व्हायचा, कविता करणारी. तिसरा करखात्यातला तरुण कारकून वेई-लुन. त्याला खेळाचे नियम पानांच्या आकड्यांसकट पाठ होते आणि गोष्टीत तो जकात चुकवणारा चाच्या असे. दिवसभर जे करता येत नाही ते माणूस शनिवारी करतो, एवढंच मी म्हणेन.

इतक्या वर्षांत यातलं कुणीही मेलं नाही. याचं कारण येन होता. आडोशामागे फासा दोनवर पडला की तो घसा खाकरून, भुवया चढवून म्हणायचा, "सतरा! थोडक्यात वाचलात." मग तिघं अशी किंकाळी फोडायची की वरच्या मजल्यावरून येनची बायको झाडू आपटायची. या गुपिताचा येनला दुकानापेक्षा जास्त अभिमान होता. आपल्या माणसांना आपण वाचवतो आणि त्यांना पत्ताही नाही, या विचाराने त्याला रविवारी सकाळी पेज दोन घास जास्त जायची.

समुद्राचं खूळ काढलं आ-खुनने.

"शेठ, तुमच्या गोष्टीत आपण सात समुद्र पालथे घातले. खऱ्या समुद्रात माझी टाचसुद्धा भिजली नाही. ल्यूछ्यू बेटावर जाऊ या ना! सकाळी पाठीला टाकी बांधून खाली जायचं, कासवं बघायची. दुपारी वर येऊन खेळ."

"आणि काका, गोष्ट पण नेमकी बुडालेल्या राजवाड्यापाशी आलीय," वेई-लुन म्हणाला. "आधी स्वतः बुडून आलो की अभ्यास होईल."

"पोहता कुठं येतं आपल्याला?" येन म्हणाला.

"लागत नाही," फेंग-ई म्हणाली. "शिक्षक हाताला धरून नेतो. माझी भाची जाऊन आली. ती तर अंघोळीलासुद्धा घाबरायची."

 पाण्याची येनला भीती वाटायची, अगदी लहानपणापासून. पण ज्याने अकरा वर्षं वादळं उठवली, गलबतं बुडवली, त्याने हे कुठल्या तोंडाने सांगायचं? तो मान हलवत म्हणाला, "झकास. आखणी माझ्याकडे." ज्याला जायचंच नसतं त्याने आखणी हातात घ्यावी, हा त्याचा साधा हिशेब.

सुरुवातीला हा हिशेब बरोबर आला. ही मंडळी कशावरच एकमत करत नाहीत, हे त्याला ठाऊक होतं. पहिल्या शनिवारी बोट आणि खोल्या ठरवायच्या होत्या. येनने सहज विचारलं, "राजकन्येची छत्री पाण्याखाली उघडेल का?" झालं! वेई-लुनने नियम काढला, आ-खुनने छत्रीवर कविता केली, फेंग-ईने दोघांना मूर्ख ठरवलं आणि रात्र झाली. पुढच्या शनिवारी समुद्री राक्षसाला लाच देता येते का यावर घोडं अडलं. येन आडोशामागे बसून गालात हसत होता.

तिसऱ्या शनिवारी फेंग-ई आली ती बर्फाचा वाडगा टेबलावर आपटतच. "तुमच्या भरवशावर राहिले तर कासवं म्हातारी होतील. शिक्षक बघून ठेवलाय, खोल्या सांगितल्यात. येन, आता तारीख तेवढी तू दे."

येनने तारीख दिली, आणि तीही सातव्या चांद्रमासातली.

 सातव्या महिन्यात भुतांना सुट्टी असते आणि पाण्यातली भुतं आपल्या जागी बसवायला माणूस शोधत असतात. त्या दिवसांत शहाणा माणूस ओढ्यात पाय घालत नाही. येन मनातल्या मनात वाट बघत होता, आता कोण आधी नाही म्हणतं.

"गर्दी नसेल," वेई-लुन म्हणाला.

"खोल्याही स्वस्त!" आ-खुन म्हणाला. "शेठ, काय डोकं आहे तुमचं!"

"अरे पण भुतं..." येन चाचरला.

"भुतं आ-खुनला ओढतील होय? त्यांची कंबर लचकेल," फेंग-ई म्हणाली. "एवढंच असेल तर देवीला विचारू. समुद्राचं खातं तिच्याकडेच आहे."

म्हणून चौघं गल्लीतल्या मात्सू देवीच्या देवळात गेली. कौल लावायला तिथे चंद्रकोरीच्या आकाराचे दोन लाकडी तुकडे असतात. जमिनीवर टाकल्यावर एक उताणा आणि एक पालथा पडला तर देवीचा होकार. मोठ्या कामाला असे लागोपाठ तीन होकार लागतात. येनने मुद्दाम तुकडे आपल्याच हातात घेतले. तीनदा होकार म्हणजे गंमत नाही, त्याला भरवसा होता.

पहिल्यांदा होकार आला, दुसऱ्यांदाही आला. तिसऱ्यांदा एक तुकडा जागीच पालथा पडला आणि दुसरा घरंगळत पार खांबापर्यंत गेला. तिथे डुगडुगला, आता पालथा पडणार असं वाटलं, आणि उताणा पडून स्वस्थ झाला. येन त्या तुकड्याकडे बघतच राहिला. इथे आडोसा नव्हता. सतरा म्हणायची सोय नव्हती.

मग त्याने शेवटचा डाव टाकला. तिघांनाही चष्मा होता. पाण्याखाली दिसावं म्हणून त्याने तिघांच्या पाण्यात घालायच्या मुखवट्यांत त्यांच्या नंबरच्या काचा बसवल्या, आणि काम असं देखणं केलं की फेंग-ई मुखवटा लावूनच बर्फ किसायला बसली. स्वतःसाठी मात्र त्याने मुखवटा केलाच नाही. ऐन वेळी कपाळावर हात मारून म्हणायचं, अरे, माझाच राहिला की! चष्म्याशिवाय येनला समोरचा माणूस की खांब हे कळत नसे. आंधळ्याला कोण पाण्यात नेईल?

ठरलेल्या दिवशी तुंगकांग बंदरातून बोटीने सगळे बेटावर पोहोचले. येन वाटेत दोनदा ओकला, तेव्हा बोट धक्क्यालाच बांधलेली होती असं आ-खुन अजून सांगतो. त्यात थोडं मीठमसाला असेल.

किनाऱ्यावर शिक्षकाने काळे रबरी पोशाख दिले. आ-खुनला त्याच्या पोशाखात कोंबायला दोघं लागले. सगळे तयार झाल्यावर येनने कपाळावर हात मारला.

"अरे! माझाच मुखवटा राहिला की! जा तुम्ही. मी वर बसून दुपारच्या खेळाची तयारी करतो."

कुणी आश्चर्य दाखवलं नाही. तिघांनी फक्त एकमेकांकडे बघितलं. फेंग-ईने पिशवीतून एक खोकं काढून त्याच्या हातात दिलं. आत नंबरच्या काचांचा मुखवटा होता.

"तुझ्या बायकोकडून नंबर घेतला आणि चौकातल्या कू चष्मेवाल्याकडून करून घेतला," ती म्हणाली.

"कूकडून?" येन भीती विसरून ओरडला. "त्या कू-कडून? तो काचा घासतो की मुळा किसतो?"

"तुझ्याचकडून करून घेतला असता, पण तू विसरणार होतास ना."

येनचा चेहरा उतरला. "तुम्हाला कसं कळलं?"

फेंग-ईने त्याच्या नाकावरच्या जाड चष्म्यावर बोटाने टिचकी मारली. "अरे शहाण्या, दुकानभर लोकांना कोटिंग विकतोस आणि स्वतः हा आरसा लावून बसतोस. डोक्यावर दिवा, पुढ्यात फासा. अकरा वर्षं तुझा प्रत्येक फासा आम्हाला या काचांत दिसतोय. नाहीचा हो करताना तुझं तोंड कसं होतं ते आम्हाला पाठ आहे. छत्रीचं विचारलंस तेव्हाही तेच तोंड, तारीख दिलीस तेव्हाही तेच."

येन मटकन वाळूत बसला. "म्हणजे... राजकन्या दरीत पडली तेव्हा..."

"एक पडला होता शेठ," आ-खुन हळूच म्हणाला. त्या पोशाखात त्याला मान खाली घालता येत नव्हती. "मेलीच होती ती."

"नियमाप्रमाणे आम्ही सगळेच कधीचे मेलोय, काका," वेई-लुन म्हणाला. "पानं सांगू?"

"मग एवढ्या किंकाळ्या कशाला मारत होतात?"

"तुला इतकं बरं वाटायचं ना," फेंग-ई म्हणाली.

 आधी येनला भयंकर लाज वाटली. मग तिच्याही खालून काहीतरी उबदार वर आलं आणि डोळे भरून आले, तेव्हा त्याने घाईघाईने कूचा मुखवटा चढवला. चढवल्याबरोबर म्हणाला, "डाव्या काचेचा अक्ष चुकलाय, वाकडी बसवलीय!"

"खाली जाऊन नीट तपास," फेंग-ईने त्याला उठवलं. "इथं नुसतं काय कळणार?"

पाण्यात एक दोर खाली सोडला होता. त्याला धरून उतरायचं, आणि कान दुखले की नाक दाबून आतल्या आत कानांकडे हवा फुंकायची. वीतभर खाली जाताच येनचे कान ठणकले. तो वर आला. पुन्हा गेला, पुन्हा आला. शिक्षकाला घाई नव्हती. पण येनला खरं नवल वाटलं ते आपल्या माणसांचं. ज्यांनी एका छत्रीवरून रात्र काढली होती, ती तिघं दोराला लटकून नुसती थांबली होती. तोंडात नळ्या असल्यामुळे कुणी नियम सांगत नव्हतं, शिव्या देत नव्हतं. आ-खुनने तेवढा धीर द्यायला त्याला अंगठा दाखवला. पाण्यात अंगठ्याचा अर्थ वर न्या असा होतो, हे तो विसरला होता, त्यामुळे शिक्षक त्यालाच वर घेऊन गेला.

कितव्यांदा तरी येनच्या कानात टक्क झालं आणि ठणका गेला. तो खाली गेला. खरं सांगायचं तर त्याला धैर्यबिर्य काही आलं नव्हतं. कूच्या काचेतून अख्खा समुद्र डावीकडे कलंडलेला दिसत होता, आणि त्याचा इतका संताप झाला होता की घाबरायला सवड मिळाली नाही. खडक वाकडा, मासे वाकडे. मग पोवळ्यामागून एक भलंमोठं कासव संथपणे आलं, तेही वाकडंच. ते येनच्या समोरून जाताना क्षणभर थांबलं आणि पुढे निघून गेलं. फेंग-ईने येनचा हात धरला होता. तो तिने सोडला कधी, हे त्याला वर आल्यावरच कळलं.

दुपारी खोलीत खेळ मांडायला घेतला. येन नेहमीच्या जागेकडे निघाला, तर आडोशामागे फेंग-ई बसलेली.

"तू तिकडं बस. आज तू खेळणार."

"मी कोण होऊ?" येनने विचारलं. अकरा वर्षांत त्याला हे कुणी विचारलं नव्हतं.

"काका, तुम्हाला हवं ते."

येनने बराच विचार केला. "म्हातारा नावाडी. पोहता न येणारा."

फेंग-ईची गोष्ट येनच्या गोष्टींसारखी बेतशीर नव्हती. नावाड्याला तिने जेवूसुद्धा दिलं नाही, सरळ वादळात घातलं. नाव उलटली, राजकन्येचा हात निसटला आणि नावाडी काळ्या पाण्यात खाली खाली जाऊ लागला. "बघू या," म्हणून तिने आडोशामागे फासा टाकला. तो लाकडी टेबलावर खडखडत गेला आणि थांबला.

येन तिच्या चष्म्यात बघत होता. डोळे ताणून बघत होता. पण त्या काचा त्यानेच घासल्या होत्या आणि कोटिंगही त्यानेच लावलं होतं, सगळ्यांत चांगल्यातलं. फासा नाही, दिवा नाही, मागे फक्त तिचे डोळे स्वच्छ दिसत होते. त्याच्या छातीत खरोखर धडधडायला लागलं.

फेंग-ईने घसा खाकरला. भुवया चढवल्या. "सतरा! थोडक्यात वाचलास."

ते तोंड येनला ओळखीचं वाटलं. पण खात्री नव्हती, आणि आता ती होणारही नव्हती. तेव्हा तिला बरं वाटावं म्हणून त्याने जोरात किंकाळी फोडली, आणि फोडताना त्याच्या लक्षात आलं की आपण खरंच ओरडतोय.