पूजेला बसलेली गाडी

माझी आई आज गावाकडे अंगणात बसून शेजारणींना सोलापूरच्या गोष्टी सांगते, ती आमचे घरमालक अप्पा यांच्यामुळे. काय झालं ते पुढे सांगतोच, पण नाव आधी घेतलेलं बरं. आणि अप्पांबद्दल एक गोष्ट मी कुणापुढेही ठामपणे सांगेन: पापणी लवायच्या आत शंभरचा वेग पकडणारी गाडी विकत घ्यायची आणि तिला चाळीसच्या पुढे जाऊ द्यायचं नाही, असं करणारा माणूस सबंध देशात दुसरा नसेल.

मी भंडाऱ्याकडचा. नववीत शाळा सुटली, मग फिरत फिरत सोलापुरात टॉवेलच्या कारखान्यात पॅकिंगला लागलो आणि अप्पांच्या गच्चीवरची खोली भाड्याने घेतली. अप्पांचा जन्म मार्केट यार्डात बारदान विकण्यात गेला. घरात कन्नड, बाजारात मराठी. गाडीशी मात्र ते कन्नडच बोलत, कारण "ती घरातली हाय." सुरू करताना "नडी, नडी", म्हणजे चल, चल, आणि ब्रेक लावताना "साकु", म्हणजे पुरे. गाडी विजेवर चालणारी, उंच, काळी, पुण्याच्या एका डॉक्टरांनी हौस भागवून विकलेली. तिच्या स्टिअरिंगवर एक लाल बटण होतं. ते दाबलं की गाडी चवताळते, असं डॉक्टरांच्या ड्रायव्हरने जाताना सांगितलं. अप्पांनी त्याच दिवशी त्या बटणावर औषधाच्या डब्यातली चिकटपट्टी लावली. मी विचारलं, "मग एवढी जोरकस गाडी घेतलीत कशाला?" तर म्हणाले, "घरात सोनं असतंय, म्हणून रोज घालून भाजीला जातंय का कोण?"

गाडी किती स्वस्तात पळते हे ऐकल्याशिवाय त्या घरातून पाहुणा सुटत नसे. चहा येण्याआधी हिशोब यायचा. पेट्रोलवाल्यांची कीव करत अप्पा म्हणत, "तुमी जाळताय, मी नुसता फिरतोय." गाडी जड आणि ताकदीची असल्यामुळे टायर मात्र चपलेसारखे झिजत, विम्याचा आकडा वाचून अक्का देवघरात जाऊन बसत. अक्का म्हणजे अप्पांच्या बायको. त्या एकदा माझ्यासमोर म्हणाल्या, "आमच्या माहेरची म्हैस ह्या गाडीपरास कमी खाती, आन दूध देती." अप्पा शांतपणे म्हणाले, "वीज उजव्या खिशातनं जाती, टायर डाव्या. मी सांगतोय तो हिशोब उजव्या खिशाचा." डाव्या खिशाविषयी ते कधीच बोलत नसत.

वीजसुद्धा शक्यतो दुसऱ्याची असावी असा त्यांचा प्रयत्न असे. श्रीपूरला कारखान्याच्या कॉलनीत त्यांचे एक चुलतभाऊ राहतात. त्यांच्या तब्येतीची अप्पांना फार काळजी. पोचल्यावर आधी खिडकीतून वायर आत जायची, मग चपला काढून अप्पा. भाऊ खडखडीत बरे असले तर अप्पांचा चेहरा पडायचा, कारण बऱ्या माणसापाशी चार-पाच तास कसे बसायचे. सोलापूरच्या उन्हातही गाडीतला एसी बंद; मागच्या सीटवर वेताचा पंखा ठेवलेला, ज्याला गरम होईल त्याने घ्यावा. डिकीत ओढायचा दोर, कडक भाकरी आणि शेंगाचटणीचा डबा कायम. "गाडी बंद पडली तरी माणूस चालू राह्यला पायजे."

आणि ती बंद पडायची. एकदा भर चौकात स्टिअरिंगशेजारचा आकड्यांचा पडदा काळा झाला, दार उघडेना, मागे भोंगे वाजायला लागले. पुण्याच्या वर्कशॉपने फोनवर निदान केलं की मोठी बॅटरी ठणठणीत आहे, तिला जागं करणारी छोटी बॅटरी मेली आहे. अप्पा म्हणाले, "म्हणजे हत्ती जागेवर, माहूत आजारी." नवी छोटी बॅटरी टाकली, तरी त्यांचा विश्वास बसला नाही. तेव्हापासून निघण्याआधी ते गाडीभोवती एक प्रदक्षिणा घालत. प्रदक्षिणा घातल्यापासून ती बंद पडली नाही, हे त्यांचं म्हणणं आणि ते खरं होतं.

अशा गाडीची खंडेनवमी कशी झाली असेल ते सांगायला नको. आदल्या दिवशी धुणं-पुसणं. सकाळी झेंडूचा हार, चाकांखाली लिंबं, पुढच्या काचेपाशी आतून स्टीलच्या वाटीत साखर-खोबऱ्याचा नैवेद्य. चार्जिंगची वायर गोल गुंडाळून तिच्यावरही फूल. मग अप्पांनी चार्जिंगचं झाकण उघडलं. "पेट्रोलच्या गाडीचं तोंड पुढं. हिचं तोंड हितं," असं म्हणून त्यांनी त्या तोंडात चिमूटभर हळद, चिमूटभर कुंकू आणि ओल्या अक्षता मोठ्या भक्तीने वाहिल्या. पूजेला बसवलेलं हत्यार दसऱ्याच्या सकाळपर्यंत उठवायचं नाही, हा त्यांच्या घरचा वडिलांच्याही आधीपासूनचा नेम. एकदा वडिलांनी तराजू पूजेला बसवला होता तेव्हा दारात आलेलं मोठं गिऱ्हाईक परत गेलं, पण तराजू उठला नाही.

दुपारी माझा फोन वाजला. अनोळखी नंबर. "केम स्टेशनवरनं बोलतोय. तुमच्या आई हितं बसल्यात."

आई पहिल्यांदाच माझ्याकडे येत होती. गावचा एक माणूस पुण्याला निघाला होता, त्याने तिला दौंडला सोलापूरच्या गाडीत बसवून दिलं होतं. केमला गाडी बराच वेळ थांबली म्हणून ती बाटली भरायला उतरली आणि गाडी निघून गेली. पिशवी गाडीत राहिली. पिशवीत केळी होती. पदराच्या गाठीत मी बांधायला सांगितलेला माझा नंबर तेवढा तिच्यापाशी होता.

आईला साखरेचा आजार. सकाळी गोळी घेतलेली असणार, आणि नवरात्राचे नऊही दिवस ती फळांशिवाय काही घेत नाही, चहासुद्धा नाही. गोळी पोटात आणि पोटात दुसरं काही नाही, म्हणजे काय होतं ते मी एकदा गावी पाहिलं होतं. रक्तातली साखर एकदम उतरते, घाम फुटतो, जीभ जड होते, मग ती हाकेला ओ देत नाही. मी त्या माणसाला म्हणालो, "तिला साखर घालून चहा पाजा, पाया पडतो." तो म्हणाला, "दोनदा आणला की. माऊली न्हाय म्हणत्यात. उपास हाय म्हणं, आन फळं आज हितं कुठं मिळंनात. डॉक्टरकडं चला म्हणलं तर जागच्या हलत न्हाईत, पोरगा येतोय म्हणत्यात." मग त्याने फोन तिच्या कानाला लावला.

"बापू," आई म्हणाली, "कायले घाबरून राहिला? बसली आहो नं मी." शब्द नेहमीचेच होते, पण सावकाश येत होते, झोपेतल्यासारखे. मी म्हणालो, "आई, चहा घे." ती म्हणाली, "उद्या सोडीन नं उपास. तुह्याच घरी सोडीन." आणि फोन बंद झाला. परत लावला तर कुणी उचलेना.

मी जिना कसा उतरलो आठवत नाही. सोलापुरातून तिकडे जायला संध्याकाळशिवाय रेल्वे नव्हती. गल्लीतल्या सगळ्या गाड्या हार घालून उभ्या. कोपऱ्यावरच्या भाड्याच्या गाडीवाल्याने हात जोडले आणि म्हणाला, "उद्या सकाळी म्हणशील तिकडं येतो, आज गाडी हलवत न्हाय." मी परत आलो तो अप्पा ओट्यावर बसलेले. अर्धं सांगून झालं असेल तोच ते उठले, आत जाऊन टोपी घालून आले. अक्का दारात उभ्या होत्या. अप्पांनी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी अप्पांकडे पाहिलं.

"आज हत्यार उठवायचं न्हाय," अप्पा म्हणाले, विचारल्यासारखं.

"त्याची आई बसलीय की तितं," अक्का म्हणाल्या. "देवीला मी सांगते. तुमी निघा. पिशवीचं मी बगते स्टेशनात जाऊन."

अप्पांनी प्रदक्षिणा घातली, धावत. लिंबं चिरडून गाडी निघाली. वायर आदल्या दिवशीच पुसून पूजेसाठी ठेवल्यामुळे गाडी रात्री चार्ज झालेली नव्हती. पडद्यावर तीस टक्के. शहराबाहेर पडेपर्यंत अप्पा नेहमीच्या चाळीसने गेले आणि मी बाजूला बसून फोन लावत होतो. कुणी उचलत नव्हतं. शेवटी अप्पाच म्हणाले, "असंच गेलो तर हाय त्यात पोचतोय. पण पोचंपर्यंत उशीर हुतोय. पळवली तर मधी चार्ज करावं लागतंय." त्यांनी नखाने चिकटपट्टी उचकटली. ती एवढी जुनी झालेली की निम्मी बटणावरच राहिली. मग त्यांनी बटण दाबलं.

"नडी," अप्पा म्हणाले, आणि माझं डोकं मागे सीटला आपटलं.

मोहोळ कधी आलं आणि गेलं ते मला कळलं नाही. ट्रक उभे असल्यासारखे मागे पडत होते. झेंडूचा हार तुटून काचेवर फडफडत होता. अप्पांचे ओठ हलत होते. ते देवीशी बोलत होते की गाडीशी, कोण जाणे. टक्के डोळ्यांदेखत उतरत होते. हायवेवरच्या एका हॉटेलपाशी चार्जिंगचं यंत्र होतं, तिथे गाडी लावली तेव्हा पडद्यावर चार उरले होते.

वायर लावली. यंत्राने लाल दिवा दाखवला. काढून परत लावली. परत लाल. हॉटेलचा माणूस म्हणाला, "यंत्र बरोबर हाय, आत्ताच एक गाडी भरून गेली." अप्पांनी आणखी एक प्रदक्षिणा घातली आणि स्वतः लावून बघितली. लाल. मी तिथेच खाली बसलो. मला आईचा तो झोपेतला आवाज ऐकू येत होता.

"फोनचा उजेड धर," अप्पा म्हणाले. मी चार्जिंगच्या तोंडात उजेड धरला. आत कुंकू ओल्या अक्षतांबरोबर थापल्यासारखं बसलं होतं आणि वायर जिथे कुलपासारखी अडकते त्या भोकात तांदळाचा एक दाणा फुगून बसला होता. अप्पा पाहत राहिले. मग गाडी बंद करून त्यांनी काचेपाशी राहिलेल्या पूजेच्या उदबत्तीची काडी घेतली आणि कानातला मळ काढावा तसा हलक्या हाताने तो दाणा उचलला. धोतराच्या सोग्याने कुंकू पुसलं. "एवढं खाऊ घालायला नको हुतं," एवढंच म्हणाले.

दिवा हिरवा झाला.

पुरेसं भरलं तसे निघालो. कुर्डुवाडी मागे पडली, केमचा लहान रस्ता लागला. स्टेशनात शिरलो तेव्हा आई बाकावर टेकून बसली होती, मान छातीवर, पदर घामाने ओला. फोन करणारा माणूस, स्वतःचा फोन आत ऑफिसातच विसरून, पंख्याने वारा घालत होता. "लई येळ झाला, बोलत न्हाईत," तो म्हणाला. मी हाक मारली. तिने डोळे उघडले, मला ओळखलं, हसायचा प्रयत्न केला. मी साखरेचा चहा तोंडाशी नेला, तर ओठ मिटले. मी रडकुंडीला आलो. "आई, घे ना." ती मान हलवत राहिली.

तेवढ्यात अप्पा गाडीतून ती स्टीलची वाटी घेऊन आले. नैवेद्याची. एवढ्या वेगात निम्मं खोबरं सांडलं होतं, पण साखर होती. ते आईसमोर खाली बसले, वाटी आधी कपाळाला लावली आणि म्हणाले, "आई, देवीपुढचं हाय. परसादाला न्हाय म्हणायचं नसतंय."

आईने जड हात पुढे केला. अप्पांनी तिच्या तळव्यावर साखर-खोबरं ठेवलं. तिने ते कपाळाला लावलं आणि तोंडात टाकलं. मग आणखी. मग मी पाजलेला चहाही घेतला, कारण प्रसादानंतर म्हणे चालतो. हळूहळू तिच्या चेहऱ्यावर रंग आला आणि तिने नीट विचारलं, "कोन्या देवीचा होय परसाद?" अप्पांनी बाहेर उभ्या गाडीकडे बोट केलं. आईने गाडीला हात जोडले. डॉक्टरकडे दाखवून आम्ही चाळीसने घरी आलो, एसी लावून. तो अप्पांनी आपणहून लावला.

पुढच्या आठवड्यात टायरवाला अप्पांना सांगत होता की चारही टायर गेले, असं काय केलंत. मी जिन्यावर होतो. अप्पांनी डाव्या खिशात हात घातला आणि म्हणाले, "काय न्हाय, जरा देवदर्शनाला गेलो हुतो."

आता गाडी बरीचशी पत्र्याच्या शेडखाली उभी असते. बॅटरी पहिल्यासारखी धरत नाही, अप्पांचे गुडघेही. तरी संध्याकाळी काठी टेकत ते एक प्रदक्षिणा घालतात. लाल बटणावर नवी पट्टी आहे. आई फोनवर दर दसऱ्याला विचारते, "गाडीचा परसाद वाटला का रे?" मी गाडी चालवायला शिकलो, अप्पांनीच शिकवलं, चाळीसने. एक दिवस मी तिला चार नवे टायर घालणार आहे, माझ्या खिशातून, आणि अप्पांना-अक्कांना मागे बसवून आईकडे भंडाऱ्याला नेणार आहे. वाटेत जिथे रस्ता मोकळा मिळेल तिथे ती पट्टी मी काढेन. अप्पा "साकु" म्हणतील, तेव्हाच थांबेन.